राग यावा म्हणून काढलेली सहल

शोकसभेत जो कोणी उठला त्याने दहिफळे बाईंना शांत करून टाकलं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई शांत आणि मनमिळाऊ होत्या. संस्थेचे कोणी पदाधिकारी आले होते, ते म्हणाले, संयमाची मूर्ती. आणि आमचे सरपंच आप्पा, ज्यांना बाईंनी भर ग्रामसभेत हात धरून खाली बसवलं होतं, ते डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले की बाईंचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नाही. मी मागच्या बाकावर होते. शेजारी शाळेचा शिपाई बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. बाई नववीच्या वर्गात बोलू लागल्या की दहावीच्या वर्गात मला मराठीचा धडा थांबवावा लागे, हे त्यालाही माहीत होतं.

मग आप्पांनी जाहीर केलं की गावच्या पाण्याच्या टाकीला 'कै. कौसल्या दहिफळे जलकुंभ' असं नाव देण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, पण वाजवल्या.

ती टाकी कोरडी आहे. बांधली तेव्हापासून कोरडी आहे. मधे एक दिवस तिच्यात पाणी आलं होतं, ते पुढे सांगते.

मी सभेत बोलले नाही. मला सभेत बोलता येत नाही, शब्द जमवेपर्यंत सभा संपते. म्हणून लिहीत आहे. सावकाश लिहीत आहे, कारण भरभर लिहिलं की शिव्या येतात, आणि शिव्या बाईंना चालल्या असत्या तरी छापणाऱ्यांना चालणार नाहीत. गावाचं नाव लिहीत नाही. पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आहे एवढं पुरे. नाव लिहिलं तर कोणीतरी आप्पांना सत्काराला बोलवेल.

दहिफळे बाई गणित आणि विज्ञान शिकवत. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना पुढे झुकलेल्या, सतत समोरून वारा येत असल्यासारख्या. पदर खोचलेला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि ती नवी करायला सांगितलं की म्हणायच्या, "दिसतंय तेवढं पुरे झालं मॅडम, जास्त दिसलं तर अजून राग येईल." यजमान एसटीत कंडक्टर होते, ते लवकर गेले. मुलगा पुण्याला. बाईंचे आईवडील ऊसतोडणीला जायचे, आणि बाई आत्याकडे राहून शिकल्या. आईबद्दल त्या एकच गोष्ट सांगत. दिवाळीनंतर गेलेली आई उन्हाळ्यात परत आली की तिचा हात गालाला लागू द्यायचा नाही, गाल सोलायचा. एवढं सांगून त्या विषय बदलत.

त्यांच्या घरी पाहुण्याला अर्धा पेला पाणी मिळे. पूर्ण हवं असेल तर पुन्हा मागायचं. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब बाईंच्या घरी चहाला थांबले. त्यांनी पेल्यातलं दोन घोट पाणी पिऊन बाकीचं ठेवून दिलं. बाई समोरच उभ्या राहिल्या.

"साहेब, तेवढं संपवा."

"नको, झालं माझं."

"तुमचं झालं असेल. पाण्याचं नाही झालं. ते आता उष्टं आहे, मी कुणाला देऊ?"

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत, हलल्याही नाहीत. साहेबांनी पाणी पिऊन टाकलं. त्या दिवशी शाळेला शेरा वाईट मिळाला आणि मुख्याध्यापकांनी बाईंशी आठवडाभर अबोला धरला. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. आठवड्यानंतर मलाच विचारलं, "सर आजारी आहेत का हो? बोलत नाहीत."

दुसरी गोष्ट त्या टाकीची. टाकी बांधून झाली, रंग दिला, आणि कोणीतरी वरून पाठवलेल्या मजकुराप्रमाणे पेंटरने तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी जपून वापरा'. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली कोळशाने लिहिलेलं होतं, 'कुठलं?' अक्षर फळ्यावरचं होतं, सगळ्या गावाने ओळखलं. आप्पा तणतणत शाळेत आले.

"बाई, शिक्षिकेला हे शोभतं का?"

"काय चुकलं? शुद्धलेखन?"

"सरकारी मालमत्ता आहे ती."

"मग सरकारी पाणी घाला तिच्यात, मी स्वतः पुसते."

ते 'कुठलं' पुढच्या दोन पावसांनी पुसलं. वरची निळी अक्षरं अजून आहेत.

बाईंची रागाबद्दल एक पक्की समजूत होती. शास्त्राचा नियम सांगावा तशी त्या ती सांगत. चिडचिड वेगळी आणि राग वेगळा. चिडचिड घरातल्या माणसावर निघते, पोरावर निघते, शेजारणीवर निघते. राग मात्र पत्त्यावर जातो. "आपल्या गावात चिडचिडीचा महापूर आहे, मॅडम," त्या म्हणायच्या, "आणि रागाचा दुष्काळ." मी पुस्तकातलं माणूस. मला वाटे, राग आवरणं हा गुण. एकदा मी तसं म्हटलं. बाईंनी वह्या तपासता तपासता उत्तर दिलं, "राग दुधासारखा असतो. वेळेत तापवला नाही तर नासतो. तुमचा नासलाय. वास येतो कधी कधी." मला वाईट वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. पण खरं होतं.

टँकर यायचा तिथे ही चिडचिड बघायला मिळे. आमच्याकडे टँकर यायच्या कितीतरी आधी भांड्यांची रांग लागते. बाई नसली तरी भांडं उभं असतं. हंडा, कॅन, काही नसेल तर डालड्याचा जुना डबा, त्यात दगड घालून. भांडं म्हणजे नंबर. कोणी दुसऱ्याचं भांडं बोटभर सरकवलं तरी भांडण. एका उन्हाळ्यात हौसाबाई आणि सिंधू अशाच भांडल्या. हौसाबाई म्हातारी, दात पडलेले, तोंडात कायम मशेरी, जिभेला हाड नाही. सिंधू तिच्या नातीच्या वयाची, पदरात दोन पोरं. कॅन कोणी सरकवला यावरून सुरू झालं आणि शेवटी हंडा सिंधूच्या कपाळाला लागला. टाके पडले. बाईंनीच तिला पाथर्डीला नेलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाई वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "ह्या दोघी एका टोळीत ऊस तोडतात. शेजारी शेजारी पाचटाच्या कोप्या असतात राहायला. ह्या म्हातारीनं सिंधूची पोरं सांभाळलीत फडात. आणि इथं डोकी फोडतात." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ह्यांना धबधबा दाखवायला पाहिजे."

मला वाटलं, बाईंचं मन कधी नव्हे ते हळवं झालं. म्हटलं, "छान होईल. बिचाऱ्यांना तेवढाच विरंगुळा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "विरंगुळा कसला? राग यायला पाहिजे ह्यांना. आपल्या टाकीच्या नळयोजनेचा पाईप ज्या पाण्याला जोडायचा ठरलाय, ते पाणी वर कसं पडतं, खाली कुणाकडं जातं, हे डोळ्यांनी बघू द्या. पाणी उताराकडं जातं हे मी मुलांना शिकवते. खोटं शिकवते. आपल्या जिल्ह्यात पाणी वजनाकडं जातं."

असं ठरलं. पावसाळा सरत आला की, दसऱ्याआधी, बायका तोडणीला जाण्यापूर्वी, एका दिवसात भंडारदऱ्याला जाऊन यायचं. जिल्ह्याच्या पूर्व टोकातून पश्चिम टोकाला. बाईंनी नगरच्या आगारातून कराराची एसटी ठरवली. गावात पुरुषांनी तोंडं वाकडी केली. आप्पा पारावरून म्हणाले, "एवढ्या लांब बायका नेणार, काही झालं तर जबाबदार कोण?"

"तोडणीला जातात तेव्हा कोण असतं जबाबदार?" बाई म्हणाल्या. "कोयता घेऊन गेलं की जवळ आणि बघायला गेलं की लांब, असं कसं हो आप्पा तुमचं अंतर?"

पारावरचे काही जण हसले. बायका निघाल्या.

पहाटे गाडीत चढताना प्रत्येकीच्या हातात भाकरीचं गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात रिकामा कॅन. बाईंनी विचारलं, "हे कशाला?" हौसाबाई म्हणाली, "असू द्या वो. पानी बघाया चाललो, हात हालवीत जायचं का?" बाईंना ते पटलं नाही, पण गाडी सुटायची होती.

नगरपर्यंत बहुतेक जणी झोपल्या. नगर मागे पडल्यावर हौसाबाईने मशेरी लावून खिडकी उघडली तसा ड्रायव्हर ओरडला, "मावशी, मागं लोकं बसलीत, वारा मागं येतो!"

"मंग फुडं बघून चालव की. तुला कशाला मागची काळजी? सासरा बसलाय का मागं?"

राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला आणि गाडी जागी झाली. बायका खिडक्यांना चिकटल्या. मला वाटलं होतं हिरवळ बघून. तसं नव्हतं. त्या ओळखीची घरं दाखवावीत तशी रानं दाखवत होत्या. ह्या फडात आपली टोळी होती. त्या बांधावर मुकादमानं बापूला मारलं. त्या चारीवर कपडे धुवायचो. सिंधू एका वळणावर एकदम म्हणाली, "ह्ये, हितं माझी सुमी झाली. त्या आंब्याच्या खाली. सकाळी झाली आन सांच्याला मोळ्या बांधल्या मी." कोणीतरी म्हणालं, "आंबा मोठा झाला की गं." आणि सगळ्या आंब्याबद्दल बोलू लागल्या.

बाई पुढच्या सीटवरून उठून दांड्याला धरून उभ्या राहिल्या. "ऐका गं! ह्यो ऊस काय पितो?"

"पानी पितो," हौसाबाई म्हणाली. "आन काय, दारू?"

गाडी हसली. बाई संतापल्या. शाळेतली भाषा गळून गेली. "हसू नका! तुमी सहा सहा महिने काय तोडता? ऊस न्हाई तोडत. पानी तोडता. उभं पानी. आन घरी येऊन हंड्यासाठी येकमेकीची डोकी फोडता. काय वाटतं का?"

"वाटतं की," सिंधू कपाळावरची खूण चाचपत म्हणाली. "दुखतं."

पुन्हा हसू. बाई खाली बसल्या आणि संगमनेरपर्यंत पुढच्या काचेतून रस्ता बघत राहिल्या. घाट लागल्यावर दोघीतिघींना उलट्या झाल्या, गाडी थांबवावी लागली. लिंबू, पाणी, पुन्हा गाडी. अंग आंबून गेलं होतं. अकोले गाव सोडल्यावर पाऊस लागला. आमच्याकडच्यासारखा चार थेंब टाकून फसवणारा नाही, एका लयीत पडणारा, घाई नसलेला. डोंगरांच्या अंगावर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. एकीने विचारलं, "ते काय सांडलंय?"

रंधा धबधब्याचं पाणी दिसण्याआधी छातीत वाजायला लागलं. धरणातून पाणी सोडलेलं होतं. प्रवरा नदी अख्खीच्या अख्खी कड्यावरून खाली जात होती, आणि जिथे पडत होती ती जागा दिसत नव्हती. नुसता पांढरा धूर वर येत होता, आणि त्या धुराने आमची तोंडं ओली होत होती. कठड्याला धरून बायका उभ्या राहिल्या. हौसाबाईने चपला काढून ठेवल्या. बाई पाण्याकडे बघतच नव्हत्या. त्या बायकांच्या तोंडांकडे बघत होत्या, उत्तरपत्रिका हातात घेतल्यासारख्या.

मग हौसाबाई म्हणाली, "येवढं पानी! आन कुनीच भरीना?"

मी हे वाक्य नंतर अनेकदा मनात म्हटलं आहे. तिथे मात्र बाईंना त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला नाही, कारण तोवर मागे फुगडी सुरू झाली होती. मग झिम्मा. सिंधूने पदर कमरेला बांधला आणि पावसात तोंड वर करून उभी राहिली, तोंड उघडं. शेजारी मुंबई-पुण्याकडची मंडळी फोटो काढत होती, त्यांनी आमच्या बायकांचेही काढले. एवढ्या प्रवासाचा शीण कुठे गेला कळेना. मला इतकं बरं वाटत होतं की बाईंची भीती वाटली.

बाई खरंच भडकल्या होत्या. "ह्यासाठी आणलं का तुम्हाला? फुगड्या घालायला?"

"बाई," सिंधू धापा टाकत म्हणाली, "राग उंद्या करू की. आज भिजू द्या."

"उद्या तुझ्या टाकीत येणार आहे का पाणी?"

"न्हाई ना. म्हनून तर आज भिजू द्या."

बाई छत्री उघडून गाडीकडे निघाल्या. त्या दिवशी सगळ्यांत कोरडं माणूस त्याच होत्या.

दुपारी आम्ही जलाशयाच्या काठच्या रस्त्याने पुढे गेलो. तिकडे रस्त्यावरच धबधबे उतरतात. एका ठिकाणी कातळावरून चांगली जाड धार रस्त्याकडेला पडत होती, हंडा धरावा एवढ्या उंचीवर. भाकरी खायला तिथे थांबलो. बाई आणि मी गाडीत होतो. बाई काहीच खात नव्हत्या. एवढ्यात बाहेर आरडाओरडा ऐकू आला.

आम्ही खाली उतरलो. धारेपासून रस्त्याच्या कडेने कॅन लागलेले होते. एकामागे एक, सरळ रांगेत, काहींत दगड. आणि रांगेच्या तोंडाशी हौसाबाई आणि सिंधू.

"म्या आदी ठिवला हुता!"

"आदी कुठं? तुमी चपला शोधत हुता तवा माझा कॅन हितं हुता. इचारा कुनालाबी!"

"सरकावला तू. तुझी खोडच हाय."

"हात लावू नका म्हातारे, सांगते!"

मागच्या बायका आपापल्या कॅनवर हात ठेवून उभ्या. आमच्या डोक्यावर डोंगर पाझरत होता. समोरून धार, मागून धार, रस्त्यावरून वाहतंय, खाली धरण तुडुंब. आणि ह्या नंबरसाठी भांडत होत्या.

मला वाटलं, आता बाई कडाडतील. त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या, पावसात, छत्री न उघडता. त्यांचं तोंड असं झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते बघूनच आधी सिंधूचा आवाज खाली आला. मग तिने वर बघितलं, धारेकडे, मग रांगेकडे.

"अगं बया," ती म्हणाली. "हितं कशाचा नंबर?"

कोणी हसलं नाही. हौसाबाईने कॅनवरचा हात काढला. त्या हाताचं काय करावं हे तिला कळेना. पदराला पुसला, पुन्हा पुसला. "सवय वं," ती म्हणाली. "सवय लागली. कुत्र्यावानी सवय लागली." आणि तिने रांगेतला आपला कॅन उचलून जोरात रस्त्यावर आपटला. म्हातारीच्या अंगात तेवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

शेजारी प्लास्टिक बांधून एक तिथलीच बाई कणसं भाजत बसली होती. ती हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "कुठल्या गं तुमी?"

सांगितलं.

"मंग बरोबर. आमीबी उन्हाळ्यात असंच भांडतो."

बाईंनी मान वर केली. "तुम्ही? धरण तर तुमच्या उशाशी."

"उशाशीच हाय. आमचं न्हाई. उन्हाळ्यात पार तळाला जातं, आमी हंडे घेऊन डोंगर उतरतो. हे पानी खालच्यांचं." तिने कणीस उलटं केलं. "येक देऊ का, गरम हाय."

बाईंनी कणीस घेतलं. त्यांचा सगळा हिशोब असा होता की पश्चिमेकडचे तेवढे सुखी आणि आपण पूर्वेकडचे तेवढे लुटलेले. तो त्या चुलीपाशी मोडला. बाई कणीस हातात धरून तशाच बसल्या होत्या, आणि मला त्यांची कीव करावीशी वाटली नाही. उलट वाटलं की आता ह्यांचा राग खरा मोठा होणार.

परतीला गाडीत गाणी झाली नाहीत. कॅन भरून घेतले होते सगळ्यांनी, ते पायांत डुचमळत होते. पाय सुजलेले, कपडे ओले, डोकी खिडक्यांवर आपटत होती. राहुरीच्या उसातून जाताना कोणी रानं दाखवली नाहीत. नगर जवळ आलं तेव्हा अंधार पडला होता. हौसाबाई उठून, सीटा धरत धरत पुढे आली.

"बाई, त्यो आपल्या पाईपाचा साहेब नगरातच बसतो ना?"

"हो."

"त्याच्या हापिसात बसाया जागा हाय का?"

"खुर्च्या नाहीत. जमीन आहे."

"जमिनीला काय झालं? आमी काय खुर्चीत जलमलो? सोमवारी जाऊ."

बाई तिच्याकडे वळून बघत राहिल्या. "थकलीस ना आज, हौसा?"

"लई थकले. हाडं बोलाया लागली." तिने खाली पायांकडे, कॅनकडे बघितलं. "पर बरं केलं आनलं ते."

त्या सोमवारपासून बायका नगरला जाऊन त्या कार्यालयाच्या दारात बसू लागल्या. तोडणीचे महिने सोडून दर सोमवारी. पहिल्यांदा चहा आला. मग आश्वासन आलं. मग गेट बंद झालं आणि त्या गेटबाहेर बसल्या. बाई रजा टाकून जात. मुख्याध्यापकांनी त्यांना लेखी समज दिली. बाईंनी ती गणिताच्या तासाला मुलांना वाचून दाखवली आणि तिच्यातल्या चुका काढायला सांगितल्या.

आणि एक दिवस टाकीत पाणी आलं. गावात पाईप वाजला, टाकीतून आवाज आला, बायका अक्षरशः धावल्या. साहेब आले, आप्पांनी नारळ फोडला, फोटो निघाले. संध्याकाळी सगळे गेल्यावर बाई एकट्या टाकीच्या लोखंडी शिडीने वर चढल्या. पन्नाशी उलटलेली बाई, साडी नेसून, त्या उंचीवर. मी खालून ओरडत होते. त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं, आणि वरूनच सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुडघाभर! फोटोपुरतं!" दुसऱ्या दिवशी वर कुठेतरी व्हॉल्व्ह बंद झाला. तो आजपर्यंत बंद आहे.

पुढे बाईंची किडनी गेली. नगरला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी प्यायचं ते आखून दिलं, बाटलीवर खूण करून. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी ती बाटली मला दाखवली. "बघा. इथंही टँकर." मला रडू आलं. "रडू नका," त्या म्हणाल्या, "पाणी वाया जातं." आणि त्या स्वतःच त्यावर हसल्या. आजारपणात त्या पहिल्यांदा मला 'अगं' म्हणू लागल्या होत्या. त्याआधी इतकी वर्षं मी 'मॅडम' होते.

शोकसभेनंतर चार दिवसांनी पेंटर रंगाचे डबे आणि शिडी घेऊन टाकीवर नाव काढायला आला. हौसाबाई, सिंधू आणि बाकीच्या शिडीभोवती बसल्या. आप्पा आले. त्यांनी समजावलं, की हा बाईंचा सन्मान आहे.

"आदी पानी," हौसाबाई म्हणाली. "मंग नाव. कोरड्या टाकीला आमच्या बाईचं नाव लावलं तर जलमभर लोक म्हनतील, दहिफळे बाई कोरडी."

"अहो, पण ठराव झालाय."

"पाईपाचाबी ठराव झाला हुता. त्यो कुठं हाय?"

पेंटरने डबे उचलले. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी सांगा ह्यांना." मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. शोकसभेत जे बोलायचं राहिलं होतं त्यातलं थोडं त्याच्यावर निघालं. तो बिचारा भलत्याच पत्त्यावर होता.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते नगरच्या त्या दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर. बायका अचानक आल्या होत्या. खाटेभोवती उभ्या, भाकरीची गाठोडी छातीशी धरून, कोणी रडत, कोणी बाईंचे पाय चेपत. बाई उशीला टेकून थोडा वेळ सगळं सहन करत राहिल्या.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"सिंधू, वार कोणता?"

"सोमवार."

"मग दवाखान्यात काय काम तुमचं?"

"बाई, तुमाला बघायला आलो वं," हौसाबाई म्हणाली. "येक सोमवार राहिला तर काय बिघडतं?"

"तेच ते लोक बघत बसलेत, एक सोमवार कधी राहतो ते." आवाज चिरका झाला होता, पण चढायचा तसाच चढला. नर्स दारात आली. "बघितलं ना मला? जिती आहे. निघा आता. निघा म्हणते ना!"

बायका निघाल्या. हौसाबाईने जाताना बाईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. बाईंनी मान वळवली. त्या गेल्यावर मला म्हणाल्या, "अगं, मला उभी कर."

"झोपा, बाई. सलाईन आहे."

"उभी कर म्हणते."

मी त्यांना धरून खिडकीपाशी नेलं. एका हातात सलाईनची दांडी, दुसरा हात काचेवर. खाली गेटपाशी बायका घोळका करून उभ्या होत्या. डावीकडे माळीवाड्याचा स्टँड, गावची गाडी. उजवीकडे ते कार्यालय. रिक्षावाला त्यांना स्टँडसाठी हाका मारत होता. सिंधू डोळे पुसत होती. दोघीजणी रिक्षाकडे सरकल्या.

"वळा गं," बाई पुटपुटल्या. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता. "वळा."

हौसाबाईने पदर खोचला आणि ती उजवीकडे चालू लागली. मागून एकेक जण निघाली. रिक्षाकडे गेलेल्या दोघीही परत फिरल्या. बाईंनी खिडकी सोडली नाही. सगळ्या कोपऱ्यावरून वळल्या तरी सिंधू मागेच राहिली होती, चप्पल तुटली म्हणून रस्त्याच्या मधोमध वाकून बसलेली. बाईंनी बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं, चौथ्या मजल्यावरून, वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलीच्या बाकावर करावं तसं.

"चल गं," त्या म्हणाल्या. "चल, चल."

सिंधूने तुटकी चप्पल हातात घेतली आणि पळत सुटली.